यंत्राचा झगा

पासुआ वस्तीतल्या अमिनिएलच्या घरी, बैठकीच्या खोलीत उघडी अशी एकही वस्तू नव्हती. कोचाच्या पाठीवर आणि हातांवर, मधल्या टेबलावर, रेडिओवर, फ्रिजच्या माथ्यावर, पाणी गाळायच्या भांड्यावर, सगळीकडे क्रोशाने विणलेला पांढराशुभ्र कपडा घातलेला असे. मोशी शहराच्या या बाजूला घराची इभ्रत अशीच पाहतात. उघडी पडलेली वस्तू म्हणजे जिच्यावर कोणाची माया नाही अशी वस्तू. पाहुणा आत आला की त्याची नजर आधी कपड्यांवरून फिरते, आणि माणसांची विचारपूस त्यानंतर होते.

हे सगळे कपडे ओलिपाने विणले होते. त्यांची वाहवा मात्र तिची भावजय ग्लॅडनेस हिच्या पदरात पडत असे. पाहुणे म्हणत, "ग्लॅडनेसबाई, घर कसं नवरीसारखं सजवलंत!" आणि ग्लॅडनेस म्हणे, "वेळ कुठे मिळतो हो, जमेल तेवढं करते झालं." ओलिपा त्याच वेळी चहाचे कप घेऊन आतून येई, कप टेबलावर ठेवी, आणि सरकलेल्या कपड्याचे टोक बोटाने सारखे करून परत आत जाई. तिला याचे दुःख होत नसे, असे म्हणणे खरे होणार नाही. पण त्या दुःखाला जागा करून देण्याइतकी जागा तिला त्या घरात नव्हती.

ओलिपा अमिनिएलची थोरली बहीण. माचामेच्या डोंगरउतारावर, केळीच्या बागेत दोघांचे बालपण गेले. मिशनच्या मुलींच्या वर्गात ती क्रोशाची सुई धरायला शिकली आणि त्या एका विद्येत तिने कोणालाही पुढे जाऊ दिले नाही. मग तिचे लग्न आरुशा शहरातल्या एका ट्रकचालकाशी झाले. मूल झाले नाही. नवऱ्याने काही वर्षे वाट पाहिली, नंतर दुसरी बायको आणली, आणि एके सकाळी ओलिपा एक पत्र्याची पेटी आणि क्रोशाची सुई घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. अमिनिएलने तिला मागचे दार जिथे उघडते ती लहान खोली दिली.

तिकडे बाईला तिच्या पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. अमक्याची आई, तमकीची आई. ओलिपाला असे नाव मिळाले नाही. भावाला मुलगी झाली, हायका, तेव्हा कुठे ओलिपाला नाव मिळाले: आत्या. पुढे सगळी वस्ती तिला आत्याच म्हणू लागली. हे नाव भावाच्या घरावर उभे होते. घर सुटले तर नावही सुटेल, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते.

ग्लॅडनेस सरकारी दवाखान्यात कामाला होती आणि पाळीप्रमाणे दिवस-दिवस घराबाहेर असे. म्हणून हायका आत्याच्याच पाठीवर वाढली. बोबड्या वयात तिने मोठ्यांना करायचा 'शिकामू' हा नमस्कार पहिल्यांदा आत्यालाच केला. मोठ्यांनी त्याला 'मराहाबा' म्हणून उत्तर द्यायचे असते. ओलिपाने उत्तर दिले, "मराहाबा, माझ्या आई." त्या दिवसापासून रोज सकाळी उत्तर तेच राहिले. इतर मुलांना ती नुसते मराहाबा म्हणे. 'माझ्या आई' हे दोन शब्द एकट्या हायकाचे होते.

हायका मोठी झाली, तिने परिचारिकेचे शिक्षण पूर्ण केले, आणि परदेशातल्या एका मोठ्या रुग्णालयात शिकाऊ म्हणून जाण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी कॉम्प्युटर हवा होता, कारण तिकडचे लोक पडद्यावर समोरासमोर बोलूनच निवड करत. अमिनिएलने एका कचेरीतून निघालेला जुना कॉम्प्युटर आणला. ग्लॅडनेसने बैठकीतल्या सर्वांत मानाच्या कोपऱ्यातले टेबल त्याला दिले. आणि ओलिपाने त्याच संध्याकाळी वितीने त्याचे माप घेतले.

पडद्याला तिने पुढून उचलता येईल असा कपडा केला, टीव्हीला करतात तसा. पण शेजारचा जो उभा डबा, ज्यात यंत्राचा सगळा जीव असतो, त्याला तिने पूर्ण झगा विणला. समोर बटणापुरती फट ठेवली. बाकी सर्व बाजूंनी झगा टेबलापर्यंत उतरत होता. मागच्या तारा आत झाकल्या जात, त्या दिसत नसत. ग्लॅडनेससुद्धा म्हणाली, "वन्सं, हा तर अगदी चर्चमध्ये न्यायच्या लायकीचा झालाय." झगा काढायचे कारणच नव्हते. यंत्र चालू असो की बंद, तो अंगावर असे, जसा फ्रिजचा फ्रिजवर असे.

थोड्याच दिवसांत यंत्राने खोड्या सुरू केल्या. हायका काही लिहीत असली की पडदा एकदम काळा होई, आतून घुर्र असा आवाज येई, आणि यंत्र कोणी न सांगता पहिल्यापासून सुरू होई. लिहिलेले नाहीसे.

"विजेचा दोष," अमिनिएल म्हणाला आणि त्याने विजेचा दाब सांभाळणारा स्टॅबिलायझर आणून बसवला. ओलिपाने त्यालाही एक छोटा कपडा विणला. यंत्र पुन्हा मध्येच मेले आणि पुन्हा उठले.

मग बसस्टँडजवळच्या गाळ्यातून कासियानला बोलावले. तो किबोशोकडचा, तोंडाने गोड आणि हाताने चपळ कारागीर होता. डबा उघडावा लागणार म्हणून ग्लॅडनेसने झगा आधीच काढून, घडी घालून ठेवला होता. कासियानने डबा उघडला आणि आत फुंकर मारली. लाल धुळीचा एक ढग उडाला.

"अरे देवा! अर्धा पासुआ आत बसलाय," तो म्हणाला. "ताई, धुळीने मारलंय याला. धुळीपासून जपा, बाकी काही नाही."

"ऐकलंत ना, वन्सं?" ग्लॅडनेस म्हणाली. "धूळ."

ओलिपाने ऐकले होते. तिला अपराधी वाटले, कारण विणीची भोके मोठी होती आणि पासुआची धूळ पिठासारखी बारीक. तिने झगा आपल्या खोलीत नेला आणि त्याला आतून जुन्या चादरीचे जाड अस्तर शिवले. टाके इतके बारीक घातले की सुई जाताना दिसू नये. आता धूळ शिरणार नाही, असे तिने मनाशी म्हटले आणि समाधानाने यंत्राला तो झगा चढवला.

त्यानंतर यंत्र पूर्वीपेक्षा अधिक वेळा मरू लागले.

कासियानने ते आपल्या गाळ्यात नेले. एक भाग काढून दुसरा लावला, आतली स्मृतीची पट्टी खोडरबराने घासली, सगळे पुसून नव्याने भरले. गाळ्यात ते दिवसभर चालले. त्यावर त्याने गाणी लावली, सिनेमा लावला, एकदाही बंद पडले नाही. "पोरी, यंत्र ठणठणीत आहे," तो हायकाला म्हणाला. "तुमच्या घरीच काहीतरी आहे."

हे त्याने हसत म्हटले. पण काही वाक्ये घरात आली की बाहेर जात नाहीत.

यंत्र घरी आले, ओलिपाने झगा चढवला, आणि संध्याकाळच्या आत ते पुन्हा काळे पडले.

त्या आठवड्यात ग्लॅडनेसने चर्चच्या प्रार्थना-मंडळाच्या बायकांना घरी बोलावले. त्यांना यंत्रावर हात ठेवून प्रार्थना करायची होती, म्हणून झगा बाजूला केला गेला. बायकांनी गाणी म्हटली, हायकाच्या भविष्यासाठी अश्रू ढाळले, मधूनमधून चहा घेतला, आणि दुपारभर यंत्र त्यांच्यासमोर एकदाही न थांबता चालले.

"पाहिलंत? हालेलूया!" मंडळाची प्रमुख बाई म्हणाली.

बायका गेल्या. ओलिपाने कप धुतले, खाली सांडलेले पुसले, आणि देवाचे नाव घेतलेल्या यंत्राला धूळ लागू नये म्हणून झगा परत घातला. भाकरी थापून होण्याआधी आतून हायकाचा आवाज आला, "आई! गेलं परत!"

ग्लॅडनेस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "वन्सं, एक विचारू? बायका बसल्या होत्या तोवर चाललं. कासियानकडे चाललं. तुम्ही एकट्या त्याच्यापाशी गेलात आणि मेलं. हे असं का होतं?"

"मी फक्त झगा घातला."

"तेच म्हणते मी. तुम्ही हात लावलात."

ओलिपाने तव्यावरची भाकरी उलटली. ती करपली होती. ग्लॅडनेस बोलत होती ते डोळ्यांना दिसणारे सत्य होते. तिने हात लावला की यंत्र मरत होते. तिने स्वतःही हे पाहिले होते. त्या रात्री तिने आपले दोन्ही हात दिव्याखाली धरून पाहिले, आणि मग स्वतःचीच लाज वाटून दिवा मालवला.

वस्तीत कुजबुज पसरायला काय लागते? जिच्या हाताला मूल लागले नाही, तिच्या हाताला यंत्र कसे लागेल, असे कोणीतरी नळावर म्हटले. कोणीतरी हसले. दुसऱ्या दिवशी नळावर ओलिपाला रांगेत पुढे जाऊ दिले गेले. पूर्वी हा मान असे. आता त्यात मान नव्हता, हे तिला कळत होते.

मुलाखतीचा दिवस जवळ आला. कासियान अमिनिएलला भेटायला अचानक आला. यंत्र चालू होते, झगा अंगावर होता, तो काढून ठेवायला कोणाला वेळ मिळाला नाही. ओलिपाने मटणाच्या रश्शात हिरवी केळी घोटून केलेले म्तोरी रांधले होते. तिने त्याच्यासमोर भरलेला वाडगा ठेवला. कासियानने खाता खाता सहज म्हणून डावा हात झग्याखाली घातला. हात क्षणभर तिथेच राहिला. मग त्याने तो झटकन बाहेर काढला, बोटे चोळली, आणि ओलिपाकडे पाहिले. ओलिपाही त्याच्याकडेच पाहत होती.

"फार सुंदर विणलंय, आत्या," तो म्हणाला. "असं काम आता कोण करतं?"

"अजून वाढू का?"

"वाढा की. हे म्तोरी सोडून कुठे जाऊ?" वाडगा पुढे करून तो थोडा वेळ घुटमळला. निघताना दारात म्हणाला, "ग्लॅडनेसताई, खोलीत जरा हवा खेळती ठेवा बरं का. यंत्राला हवा लागते."

"ठेवते हो," ग्लॅडनेस म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून खिडकी सताड उघडी राहू लागली. खिडकी उघडली म्हणून रस्त्यावरची धूळ जास्त येऊ लागली. धूळ जास्त येऊ लागली म्हणून ओलिपाने झगा धुतला, कसावाच्या कंदाच्या पिठाची दाट खळ दिली, आणि उन्हात पाटीसारखा कडक वाळवला, जेणेकरून त्याच्या कडा टेबलाला चिकटून बसाव्यात आणि खालूनही काही आत जाऊ नये. परदेशातले लोक पडद्यावर आपले घर पाहणार होते. त्यांना घरात एकही वस्तू उघडी दिसता कामा नये, असे तिने ठरवले होते.

मुलाखत दुपारची होती. ग्लॅडनेस सकाळीच म्हणाली होती, "वन्सं, वाईट वाटून घेऊ नका, पण आज तुम्ही बैठकीत येऊ नका."

"नाही येत."

हायकाने निळा पोशाख घातला होता. ती आत्याच्या खोलीत आली, वाकली आणि म्हणाली, "शिकामू, आत्या."

"मराहाबा, माझ्या आई. भिऊ नकोस. हळू बोल. तुझं चांगलंच होणार."

पडद्यावर तीन माणसे दिसू लागली. हायकाने बोलायला सुरुवात केली. ओलिपा मागच्या दारात उभी राहून ऐकत होती. इंग्रजी तिला कळत नव्हते, पण आवाज कुठे थरथरतो ते कळत होते. आवाज थरथरत नव्हता. मग पंख्याच्या वाऱ्याने झग्याची पाठीमागची कड उचलली गेली आणि तिथून तारांचा गुंता दिसू लागला. दारातून तो ओलिपाला दिसला. तिकडच्या लोकांना तो दिसला तर? ती चवड्यांवर चालत गेली, वाकली, झग्याची कड खाली ओढली, डब्याखाली खोचली आणि तशीच मागे सरली. कोणी पाहिले नाही असे तिला वाटले. ग्लॅडनेसने पाहिले होते.

थोड्या वेळाने पडदा काळा झाला. यंत्र उठले, हायकाने पुन्हा जोडणी केली, माफी मागितली. पडदा पुन्हा काळा झाला. तिसऱ्यांदा माणसे दिसली तेव्हा त्यांतली एक बाई घड्याळाकडे पाहत होती. चौथ्यांदा कोणीच दिसले नाही.

त्या खोलीत पुढे जे झाले त्यातले ग्लॅडनेसचे बोलणे ओलिपाने अपेक्षिले होते. ते तिने उभ्यानेच सोसले. पण हायका खुर्चीतून उठली, वळली, आणि तिच्या तोंडावर रडण्याच्या आधीची एक कठोर कळा होती.

"का आलीस तू? आईने सांगितलं होतं ना येऊ नकोस म्हणून? का हात लावलास?"

"अगं, कपडा उडत होता—"

"तुझा हात लागला की सगळं मरतं, आत्या! सगळं!"

मग ती रडत आत गेली. भिंतीवरचे घड्याळ चालत होते. त्याच्या कडेचा कपडाही ओलिपाचाच होता. ती त्याच्याकडे पाहत उभी राहिली.

काही दिवसांनी नकार आला. त्या रात्री जेवताना अमिनिएलने मान वर न करता म्हटले, "ताई, मी काय म्हणतो, डोंगरावर आपली बाग ओस पडलीय. केळींना बघणारं कोणी नाही. आणि तुला इथली धूळही मानवत नाही."

"मला धूळ मानवते."

"वर हवा चांगली आहे."

"किती दिवसांसाठी जाऊ?"

"बघू," अमिनिएल म्हणाला आणि त्याने मीठ मागितले. मीठ ओलिपानेच उठून दिले.

ओलिपा निघाली तेव्हा ग्लॅडनेसने झगा तिच्या पेटीवर आणून ठेवला. "हा घेऊन जा, वन्सं. इथे नको." तो तिने दोन बोटांत धरला होता.

माचामेच्या बागेत पत्र्याची एक खोली होती. तिथे ओलिपा राहू लागली. बागेतल्या शेजारणींना ती लहानपणापासून ठाऊक होती, पण तिला कोणत्या नावाने हाक मारावी हे त्यांना उमगेना. कोणाची आई नाही, आणि आत्या म्हणावे तर भाची खाली शहरात. शेवटी त्या तिला 'अमिनिएलची बहीण' म्हणू लागल्या. खालून येणाऱ्या एका ओळखीच्या बाईकडून तिला कळले की यंत्र आता अजिबात बंद पडत नाही. ओलिपा गेल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ते सुरळीत चालते. ग्लॅडनेस हे चर्चमध्ये साक्ष दिल्यासारखे सांगते. ही बातमी ऐकून ओलिपाने विळा उचलला आणि संध्याकाळपर्यंत बागेतली सुकलेली पाने कापली. तिला स्वतःबद्दल जी शंका होती, तिला आता पुरावा मिळाला होता. रोज भाजी चिरताना, पाणी भरताना ती आपले हात पाही. शेजारणीचे तान्हे मूल तिच्याकडे झेपावले तर ती हात मागे घेई.

नाताळ आला. नाताळला साऱ्या चागा माणसांनी, म्हणजे इथल्या मूळ लोकांनी, आपल्या डोंगरावर परतायचे असते. कोणी दार-एस-सलामहून येते, कोणी आणखी लांबून. अमिनिएलही बायको-मुलीसह आला. बोकड कापला गेला. एंबेगेसाठी, म्हणजे केळ्यांच्या दारूसाठी, ओलिपाने घड आधीच पिकत घातले होते. केळी पिकवायची तर ती टोपलीत रचून, पानांनी आणि जाड कपड्याने घट्ट झाकावी लागतात. तिच्यापाशी जाड कपडा एकच होता. टोपलीवर तोच झगा होता.

हायका तिच्या शेजारी पाटावर बसून हिरवी केळी सोलू लागली. चिकाने तिची बोटे काळी होत होती.

"आत्या, एक सांगू? रागावणार नाहीस?"

"सांग."

"कासियान घरी आला होता. छापायचं यंत्र जोडायला. त्याने विचारलं, झगा कुठे गेला? आई म्हणाली, आत्यांबरोबर गेला. तर तो म्हणाला, तरीच." हायकाने केळे पाण्यात टाकले. "आतली उष्णता कोंडत होती म्हणे. त्या डब्याला मागून वारा लागतो. तो अडला की यंत्र तापतं, फार तापलं की जळू नये म्हणून आपोआप थांबतं, मग परत उठतं. अस्तर घातलं, खळ घातली, तसं तसं जास्त कोंडलं. दुसरं काही नव्हतं, आत्या. नुसता झगा होता."

ओलिपाने सुरी खाली ठेवली. तिने हात लांब केला आणि टोपलीवरच्या झग्याखाली घातला. आत ऊब होती. जिवंत जनावराच्या पोटाखाली असते तशी. लहानपणापासून तिने केळी अशीच पिकवली होती. झाकले की तापते, हे तिला कोणी शिकवावे लागले नव्हते. पण बैठकीतली वस्तू झाकायची ती तिला मान द्यायला, आणि टोपली झाकायची ती पिकवायला; ही दोन झाकणी एकच आहेत, असे तिच्या मनात एकदाही आले नव्हते. त्या घरात कोणाच्याच मनात आले नव्हते.

"त्याला हे कधी कळलं?" तिने विचारले.

"कोणाला?"

"कासियानला."

हायका अडखळली. "तो म्हणाला, तू म्तोरी वाढलंस त्या दिवशीच. आत हात घातला तर चटका बसला. पण वडीलधाऱ्या बाईने आपल्या हातांनी वाढलेलं खात असताना तिच्याच हातच्या कामाला नावं कशी ठेवायची? म्हणून म्हणे नुसतं हवेचं बोलला."

ओलिपाला त्याची चोळलेली बोटे आठवली. त्याने तिचा मान राखला होता. त्या मानापायी ती आज इथे बसली होती.

"मग तुझी आई काय म्हणाली?"

"जाऊ दे ना, आत्या."

"सांग."

"म्हणाली, म्हणजे शेवटी त्यांचाच हात होता ना."

"आणि अमिनिएल?"

"बाबांनी रेडिओ मोठा केला."

"आणि तू?"

हायकाने दुसरे केळे उचलले. त्याचे साल तिने फार हळू, फार काळजीपूर्वक काढले, जणू ते सोलायचे पहिल्यांदाच शिकत होती.

"मी गप्प बसले," ती म्हणाली.

जेवणे झाली. पुरुष आधी पिकलेल्या घडांच्या एंबेगेने भरलेल्या भोपळ्याच्या तुंब्याभोवती बसले. ग्लॅडनेस हात पुसत ओलिपापाशी आली. तिच्या डोळ्यांखाली काळे झाले होते. पाळ्या करून करून ती थकली होती, आणि ते खरे होते.

"वन्सं, झालं गेलं विसरायचं. ह्यांचे गुडघे फार धरलेत, त्यांना उठवायला बसवायला कोणीतरी लागतं. कामवाली होती ती पळाली. मी एकटी कुठे कुठे पुरणार? तुम्ही चला आता घरी."

ओलिपाने लगेच विचारले, "माझी खोली आहे का?"

"तिथे कॉम्प्युटर ठेवलाय. बैठकीत धूळ येते ना. पण कोच आहे की, रात्री त्यावर अंथरायचं. तुम्हीच विणलेले कपडे आहेत त्यावर." ग्लॅडनेस हसली. "आणि हायकाची दुसऱ्या ठिकाणची मुलाखत आहे लवकरच. फक्त त्या यंत्राला हात लावू नका, म्हणजे झालं."

"पण त्यात माझ्या हाताचा दोष नव्हता, ग्लॅडनेस. तुला कासियानने सांगितलंय."

"सांगितलं हो. मी कुठे नाही म्हणते? तरी पण कशाला उगीच?"

ओलिपा अमिनिएलकडे पाहत राहिली. तो ऐकत होता. त्याचा पेला तोंडाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. भाऊ एक शब्द बोलला असता तर ती त्या कोचावरही जाऊन निजली असती.

"बाग ओस पडलीय, असं अमिनिएल म्हणाला होता," ती शेवटी म्हणाली. "आता ती ओस नाही. आता बागेला मी आहे."

"अशा काय बोलता वन्सं? सणासुदीचं?"

"चहा ठेवू का तुम्हाला, निघण्याआधी?"

त्यांनी चहा घेतला नाही. अमिनिएल गाडीत बसताना म्हणाला, "ताई, विचार कर," आणि तिने विचार करते असे म्हटले, कारण गुडघे धरलेल्या माणसाला उभे ठेवून वाद घालता येत नाही. सगळे बसले. हायका मात्र परत फिरून अंगणात आली. ती वाकली. तिचे डोळे भरले होते.

"शिकामू, आत्या."

"मराहाबा," ओलिपा म्हणाली.

हायका तशीच वाकून थांबली. पुढच्या दोन शब्दांसाठी ती थांबली आहे, हे ओलिपाला कळले. ते शब्द तिच्या तोंडापर्यंत आले होते; इतक्या वर्षांची सवय होती. तिने ओठ मिटून घेतले. गाडीचा भोंगा वाजला. हायका सरळ झाली, अंगावर गुंडाळलेल्या कांगाच्या, म्हणजे छापील सुती वस्त्राच्या, टोकाने तिने तोंड पुसले, आणि गेली.

गाडी वळणापलीकडे उतरली तेव्हा ओलिपा खोलीत आली. टोपलीत अजून बरेच घड हिरवे होते. तिने त्यांच्यावर झगा नीट ओढला आणि त्याच्या कडा चारी बाजूंनी खाली खोचल्या, आत वारा जाऊ नये म्हणून.